बोगद्यात पायडल

...आणि दुखतंय कुठं, तर चारचौघांत सांगता येत नाही तिथं. तुम्हाला सांगतो, गुडघा दुखला असता तर गल्लीभर लंगडत मिरवलो असतो, पण भगंदर? शिलाई मशीनसमोर बसून उभा जन्म गेला, आता बसायचीच चोरी. एकदा ऑपरेशन झालं, तोंड बुजलं, आम्ही खूश. थोड्याच दिवसांत शेजारून दुसरं तोंड. म्हणजे आतला फाटा राहिलाच होता की.

डॉक्टर म्हणाले, "आता अंदाजाने कापणार नाही. वाट आतून कुठं जाते ते एमआरआयमध्ये बघू. आवळून धरणारा स्नायू चुकून कापला गेला, तर..." आणि थांबले. असं थांबतात का हो माणसासमोर? 'तर' काय ते मला कळलं. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावलाय आणि आपलं आपल्यालाच आवरेना... दुकान बंदच करायचं मग. आमची ही म्हणाली, "अहो, फोटोच काढायचाय. गप पडून राहायचं. तेवढं तरी जमेल ना?"

तेवढंच जमेना हो.

मागून उघडा झगा घालून मला त्या बोगद्यात सरकवलं, कानांवर हेडफोन, हातात रबरी फुगा, घाबरलात तर दाबा म्हणे. कानात टेक्निशियन बाईंचा आवाज, "काका, हलायचं नाही हं." कशाला हलतोय? मी श्वाससुद्धा विचारून घेत होतो. आणि ते यंत्र सुरू झालं. खटखटखटखट... थांबलं... खटखटखटखट... आता तुम्हीच सांगा, ज्याने हाच आवाज जन्मभर पायाने काढला, त्याचा पाय काय करणार? लागला पायडल मारायला. मला पत्ताच नाही.

"काका, हललात. फोटो पुसट आलाय. परत घेऊ."

परत खटखट. उजवा पाय दाबून धरला, तर डावा निघाला. "काका, हलायचं नाही." अहो बाई, मी नाही हलत, धंदा हलतोय. फुगा दाबावा? बाहेर पळावं? पण डोक्यात तो 'तर' बसलेला. खडूची रेघ पुसट असेल तर मी साधी पँट कापत नाही, आणि इथं कापडाच्या जागी मी.

मग आठवलं. आतल्या मांडीचं माप घेताना मी गिऱ्हाइकाला दरडावतो, "साहेब, हलायचं नाही," आणि तो बिचारा छताकडे बघत खांबासारखा उभा राहतो. म्हटलं, आज आपण गिऱ्हाईक. माप नीट यायला हवं ना? मग हो खांब. खटखट चालूच होती, भीतीही चालूच होती, खोटं कशाला सांगू, डोळ्यांतलं पाणी पार कानापर्यंत आलं, तेही पुसलं नाही. पाय मात्र हलला नाही.

फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी दाखवला, वाट थेट स्नायूतून गेलेली, आणि तिला बाजूला चोरखिसा. "हे न बघता कापलं असतं तर पंचाईत होती," म्हणाले. "आता स्नायू एकदम न कापता त्या वाटेत दोरा ओवून ठेवू, हळूहळू आवळत जाऊ."

"दोरा कसला? गाठ कुठली मारता?"

"काका, तेवढं माझ्यावर सोडा."

सोडलं. दुसरं काय करणार? आता ठरल्या दिवशी जातो, कुशीवर वळतो. दोरा त्यांचा, कापड माझं, आणि वर मलाच सांगतात, "काका, हलायचं नाही."