अंबाड्यावरून ओळख

—नाही नाही, खांद्यापर्यंतच ठेवू या ताई, एकदम आखूड केले की घरी गेल्यावर रडू येतं, मी बघितलंय — मान खाली घ्या जरा, हां — आणि माझ्या अंबाड्याचं काय म्हणत होतात? सगळ्यांचे केस कापते आणि स्वतः हा बोजा वागवते, असंच ना? सगळ्याजणी विचारतात. मान दुखते हो, रोज दुखते. कापून टाकावासा वाटतो का? वाटतो की! पण मग ह्यांनी मला ओळखायचं कशावरून?

हसू नका. आमच्या ह्यांना रोमन नाण्यांचा नाद होता — होता म्हणजे आहे, पेटी अजून उशाशीच असते. आत जुनी नाणी अडकलेली ओंजळभर मातीची ढेकळं विकत आणायची, माझ्याच वाट्यांमध्ये भिजत घालायची आणि दात कोरायच्या काडीने उकरत बसायचं, महिनोन् महिने. निघायचं काय? तांब्याचा झिजका तुकडा. राणीचं नाक गेलेलं, अक्षरं गेलेली — पण मागचे केस तेवढे कधीकधी टिकलेले असायचे. मग हे भिंग लावून सांगायचे, ही अमक्याची बायको, ही तमक्याची आई. केसांवरून! एक राणी तर म्हणे बाळंत झाली की अंबाडा बदलायची, आणि तो बघून हे तिची पोरं मोजायचे. आणि मी समोर उभी, नवा चष्मा लावून — तर म्हणायचे, उजेडातून बाजूला हो.

आता डोक्यातलं सगळं पुसत चाललंय त्यांच्या. आधी शेजारी गेले, मग आमची लेक — फार रडली ती. राहिले मी एकटी, आणि तीही ह्या अंबाड्याच्या जिवावर. कसं कळलं? एकदा न्हाऊन केस मोकळे सोडून खोलीत गेले, तर हे गडबडून उठले. म्हणाले, बसा ना, आमची मंडळी बाहेर गेलीय, येईलच इतक्यात. मी बसले. तर परक्या बाईजवळ हा माणूस बोलतच सुटला — म्हणे, आमची बायको दिवसभर उभी राहून काम करते, पाय सुजतात तिचे, मी कधी विचारलं नाही, आता विचारायची लाज वाटते. मला! माझ्याबद्दल! संसार झाला अख्खा, पण असं बोलणं कधी कानावर पडलं नव्हतं. आत गेले, रडले, अंबाडा घालून बाहेर आले. तर काय म्हणाले? होतीस कुठे, पाहुणी वाट बघून गेली.

आणि — कुणाला बोलू नका हं — मग मी मुद्दामच जायला लागले, केस सोडून. ऐकायला. काय करणार, बायको म्हणून जे मिळालं नाही ते पाहुणी म्हणून मिळत होतं.

पण केस राहिलेत कुठे आता? मूठमूठ हातात येतात. काळजी सोडा म्हणतात डॉक्टर — काळजीला काय बटण असतं? म्हणून हल्ली आत गंगावन घालते, विकतचे केस, आणि वरून माझे उरलेसुरले फिरवते. धंदाच माझा, कुणाला पत्ता लागत नाही. तुम्हाला तरी लागला? आज सकाळी चहा घेऊन गेले, तर ह्यांनी भिंग उचललं. मला खिडकीकडे पाठ करून उभं केलं आणि बघत राहिले, बघत राहिले. मला वाटलं, आता नाव घेतील माझं. तर भिंग खाली ठेवलं आणि इतकं हळू म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून — "काम सुरेख आहे हो. पण ही ती नाही. नक्कल आहे."

मागे वळू नका, कात्री आहे हातात.

झालं. आरसा तिकडे आहे, बघा आणि निघा ताई, मला बंद करायचंय.