आगटीसाठी हातमोजं

माझं गाव कवठे महांकाळच्या अंगाला, माळावरचं. रस्त्यावरनं बघितलं तर चार बाभळी आनि पत्र्याचं एक घर दिसतं, ते माझं. बाप शाळू करायचा, हिवाळी ज्वारी, दुसरं काय पिकनार हितं, पानीच न्हवतं. शाळा माझी दुसरीपातुर. मास्तरनं उगाच मारलं म्हनून पाटी तिथंच ठेवून आलो. बाप म्हनला जा, पाया पड आनि पाटी घेऊन ये. मी म्हनलं मास्तरनं आनून द्यावी. ती पाटी अजून तिथंच असंल, काय सांगू तुमाला, सभावच तसला.

मग आष्ट्याकडं गुऱ्हाळावर लागलो, चुलवाणावर. आता तुमी गुऱ्हाळाचंच लिवून घ्यायला आलाय म्हनून सांगतो. चुलवाण म्हंजे कढईखालचं जाळाचं तोंड. दिसभर त्यात उसाची वाळल्याली चिपाडं सारायची. जाळ कमी पडला की रस उकळत न्हाई, जास्त झाला की गूळ करपतो. गुळव्या वरनं वरडायचा, बाबू आवर, बाबू सार, आनि मी खालनं आवरायचो आनि सारायचो, उभी हयात तेच केलं. हत्यार म्हनाल तर बारदानाचा तुकडा, पान्यात बुडवून हाताला गुंडाळायचा, झालं. बाकीच्यांच्या हाताला फोड यायचं, मला कवा आला न्हाई. म्हनायची माणसं, बाबूचा हात कातड्याचा न्हाई, खापराचा हाय. बरं वाटायचं ऐकून, खोटं कशाला बोलू.

गुऱ्हाळ बंद पडलं तसा मी परत वस्तीवर आलो. मालन, माझी बायको, तीबी गेली. सुभाष एकच पोरगा, पुन्याला कंपनीत हाय, सून हाय, नात हाय, रागिणी, मला आण्णाआजोबा म्हनती. बोलवत्यात तिकडं. ऱ्हायलो की एकदा. गॅलरीत बसायचं आनि खालच्या गाड्या बघायच्या. आलो परत.

पर वर्सातनं एक दिस ती समदी हिकडं यायची. हुरड्याला. शाळूची कणसं दुधावरनं जरा पुढं गेली, कवळीच पर भरल्याली असली, की आगटी लावायची. जमिनीत हाताएवढा खड्डा, त्यात शेणी पेटवायच्या, इंगळ फुलला की कणसं खुपसायची, भाजली की काढायची आनि गरमगरम चोळायची. सुभाष त्याच्या साहेबालाबी आनायचा कवा कवा, माझा बाप आगटीत हात घालतो म्हनून दाखवायला. मी घालायचो. वलं बारदान गुंडाळून थेट इंगळात. साहेब डोळं मोठं करायचा. त्या एका दिसावर मी वरीस काढायचो बघा.

मग माझ्या रक्तात साखर निघाली. पयलं पायाचं गेलं, चप्पल वाटंत निसटायची आनि मला घरी आल्यावर कळायचं. मग हाताचं. कुनाला बोललो न्हाई. गेल्याच्या गेल्या वर्साला समदी आली हुती, मी आगटीवर बसलो हुतो, वलं बारदान हाताला, कणीस काढतोय, बोलतोय, हसतोय, आनि सुनंनं किंकाळी फोडली. बघतो तर बारदानातनं वाफ निघतीया आनि माझा हात तसाच आत. मला काय बी न्हाई. तिला वास आला, मला न्हाई आला. रागिणी रडायला लागली, ते मातर आयकू आलं.

डागदर म्हनला नस मेलीया, हात जळला तरी तुमाला कळनार न्हाई. महिनाभर हात पट्टीत. सुभाष जाताना म्हनला, आण्णा, आगटी बंद, न्हाईतर नीट मोजं-बिजं घालून करा, पोरगी झोपंत दचकती. मी म्हनलं माझं रान, माझी आगटी, माझा हात. तो म्हनला मग आमी येत न्हाई. मी म्हनलं नका येऊ.

आली न्हाईत गेल्या वर्साला. मी बी आगटी लावली न्हाई. हुरडा उभ्या उभ्या वाळून ज्वारी झाला. ज्वारीच हुती ती, वाया काय गेली न्हाई, पर बांधावर बसलो की पुन्याची गाडी आल्यागत वाटायचं, बघायचो तर दुधाचा टेंपो.

औंदा कणसं भरायला लागली तसा बाजारला गेलो. कुनी सांगितलं म्हनून न्हाई, माझ्या मनानं गेलो. दुकानदारानं पयलं रबरी ठिपक्याचं हातमोजं काढलं, बिगारी घालत्यात तसलं. मी खिशातनं काडीपेटी काढली. तो म्हनला आवं आजोबा, मोजं घेताय का दुकान पेटवताय. म्हनलं भायेर चल. ठिपक्याला काडी लावली, पघळून गोळा झाला. ह्यो बोटाला चिकटला तर कातडं घेऊनच निघंल म्हनलं, दुसरं दाव. मग त्यानं स्वयपाकातलं काढलं, कापसाचं, फुलाफुलाचं, मनगटाशी संपनारं. म्हनलं ह्ये माझ्या सुनंला शोभंल. शेवटाला वेल्डिंगवाल्याचं निघालं, जाड चामड्याचं, कोपरापातुर. घातलं, हात खाली करून झटकलं तर निघून पडलं. असंच पायजे, आत इंगळ शिरला तर एका झटक्यात भायेर. आतनं शिवण टोचती का ते बघायचं हुतं, आनि मला कळतंय कुठं. म्हनलं माझं हात मळल्यात, तू घालून बघ रं. त्यानं घातलं, म्हनला मऊ हाय. घेतलं.

चिमटा शंकर लोहाराकडनं करून घेतला. बाजारचा वीतभर असतो, मनगट जाळावरच येतं. मी हातभर लांब सांगितला, टोक चपटं, म्हंजे कणीस सुटनार न्हाई, चेंगरनार बी न्हाई. शंकर म्हनला, आण्णा, हुरडा भाजताय का शेजाऱ्याच्या घरातला इस्तू पळवताय. लय हसला. मग मोजं बघितलं आनि म्हनला, तेवढं भिजवू नका, कोरडंच घाला. वल्याची वाफ हुती, आनि वाफ आत कोंडली की हात शिजतो. उभी हयात मी वलं गुंडाळलं आनि ह्यो कालचा शंकर मला शिकवतुया. पर आयकून घेतलं. मग म्हनला, कुनी यायचं हाय व्हय. म्हनलं व्हय, पोरगा येनार हाय.

घरी येऊन सुभाषला फोन लावला. म्हनलं रविवारी आगटी लावतोय, येनार तर या. तो म्हनला, आण्णा, हातानंच करनार का परत? मोजं समोर खुंटीला हुतं. त्याच्याकडं बघत म्हनलं, माझा हात हाय. तो म्हनला बघतो. आल्यावर दिसंलच की त्याला, मनात म्हनलं. आदी सांगितलं तर बाप वाकला म्हनंल.

तुमी फोन केला तवा तुमालाबी म्हनूनच रविवारच दिला, म्हनलं घर भरल्यालं असंल, तुमी बघाल. आज सकाळी सुभाषचा फोन आला, रागिणीचा क्लास हाय. क्लास असंल बी. मी म्हनलं बरं, ऱ्हावू दे.

आता तुमी म्हनताय अजून फोन लावा, मोजं घेतल्यात म्हनून सांगा. न्हाई सांगनार. तुमी लिवा. तुमच्या कागदात लिवा, म्हाताऱ्यानं कोपरापातुर मोजं घेतलं, हातभर चिमटा केला, सुती सदरा घातला, धोतराचा सोगा वर खोवला, पान्याची बादली आनि मातीनं भरल्यालं घमेलं बाजूला ठेवलं. छापून आलं तर वाचंल तो. वाचायला शिकवलाय मी त्याला.

बसा हिकडं, त्या अंगाला धूर येईल. ही बघा चार कणसं निघाली. मोजं घालून चोळता येत न्हाई, चेंदा हुतोय त्याचा, म्हनून काढून ठेवलं. आमच्यात आगटीवर बसल्याल्यानं पयला हुरडा आपन खायाचा नसतो, दुसऱ्याच्या ओंजळीत घालायचा. मालन असती तर तिच्या घातला असता, रागिणी आली असती तर तिच्या. तुमचं समदं बरं हुवू दे, तुमच्या पोराबाळांचं बरं हुवू दे, त्या पुन्यातल्यांचंबी हुवू दे.

हात फुडं करा. जरा थांबा, फुंकर मारतो. आता घ्या. गरम हाय का? मला कळत न्हाई, तुमीच सांगा.