मावशीची ओळ

मी : मग विचारूच का? हर्षदानं पैज लावलीय, हिंमत असेल तर घरच्यांना तोंडावर विचार. आई, गेल्या रविवारी स्टेजवर तू बाटली तोंडाला लावून पाणी पीत होतीस, तेव्हा गात कोण होतं?

पप्पा : अजून सोमाटणं मागं पडलं न्हाई आन सुरू झाली ही. कीबोर्ड नीट धर आधी, खड्डा आलाय.

मी : धरलाय. मांडीवरच आहे, माझ्यापेक्षा जास्त सांभाळते त्याला. हर्षदाला मीच बोलावलं होतं, आमच्या ‘पवनाकाठ’ बँडची चर्चमधली उपासना बघ म्हणून. पहिल्या रांगेत बसवली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणते, तुझी आई पोटातून गाते का गं? समीक्षा हसता हसता बाकावरून पडायची राहिली.

पप्पा : मग तू काय बोलली?

मी : मी पण हसले. दुसरं काय करणार?

पप्पा : सांगायचं, घसा बसलाय आईचा.

मी : पप्पा, तो नाताळाच्या आधी बसला होता. आता पेरू संपून आंबे आले. भाजीवाल्याशी भांडताना तर चांगला उठतो तिचा घसा.

आई : घसा ठीक आहे माझा.

पप्पा : करुणा, लेकरापुढं कशाला?

आई : मिक्सर तीच सांभाळते. माझा माइक बंद करते, लॅपटॉपवर ट्रॅक लावते. तिला काय माहीत नाही?

मी : तेच तर. कोण गातं ते मला माहितीये. जुन्या रेकॉर्डिंगमधली तूच गातेस. का, ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणून मग हर्षदाला मी मला माहीत होतं तेवढं सगळं सांगून टाकलं.

पप्पा : सगळं म्हंजे?

मी : रिबका मावशीचं.

पप्पा : घरातली गोष्ट वर्गात सांगितली?

मी : वर्गात नाही, पाण्याच्या टाकीपाशी. ती हसायची थांबावी म्हणून. म्हटलं, आमच्या बँडमध्ये पप्पा गिटार वाजवायचे, आई गायची आणि दुसरा आवाज आईच्या बहिणीचा. मावशीच्या पोटात गाठ निघाली तेव्हा पप्पांनी दवाखान्याच्या जिन्यात बसून ‘बाज माझ्या खांद्यावर’ लिहिलं. ती म्हणाली, बाज म्हणजे खाट? मी म्हटलं हो, शुभवर्तमानात एक लुळा माणूस असतो, येशू त्याला म्हणतो, ऊठ, आपली बाज उचल आणि घरी जा. त्याच्यावरचं गाणं.

आई : आणि उर्से गावातलं सांगितलंस?

मी : सांगितलं ना. उर्शाच्या उपासनेत पप्पांनी साक्ष दिली की रिबका बरी झाली, आणि मावशी मागून खरीखुरी घडीची खाट खांद्यावर घेऊन स्टेजवर आली. खाटेचा एक पाय उघडून चर्चच्या पाळकांच्या डोक्याला लागला. मंडळी आधी हसली, मग रडली, मग सगळे उभे राहून टाळ्या. तो व्हिडिओ कुठं कुठं फिरला. पार गुजरातेतून फोन आले होते.

पप्पा : रिबूचीच कल्पना ती. मी नको बोललो होतो.

मी : आणि मावशी गेली ते पण सांगितलं. हर्षदानं मग मला तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली सगळी. ती कुणालाच देत नाही.

आई : बरं केलंस, सांगितलंस.

पप्पा : बरं काय त्यात? करुणा, तू असं सपाट बोलत जाऊ नको. आवाज तरी चढव. भांड माझ्याशी.

आई : भांडण येत नाही. काहीच येत नाही, तर भांडण कुठून येणार?

मी : पप्पा, चिडू नका, एक विचारते. पैजेतलं नाही हे, माझंच आहे. तुम्ही अजून प्रत्येक ठिकाणी ती साक्ष का देता?

पप्पा : लोक मागत्यात. पाळक फोनवर पहिलं तेच बोलतात, बाजेचं गाणं पाहिजे आन त्याची साक्ष पाहिजे.

मी : पण तुम्ही ‘प्रभूनं तिला उठवलं’ म्हणता आणि थांबता. पुढचं सांगतच नाही.

पप्पा : खोटं तर बोलत न्हाई ना मी? उठली होती ती. तुझ्या डोळ्यांनी बघितलं तू.

मी : काल बँडच्या नंबरवर तुंगार्लीच्या नंदाबाईंचा फोन आला. तुम्ही अंघोळीला होता, मी उचलला.

पप्पा : हां, त्यांनी मला परत केला होता फोन. ठीक हाय ते.

आई : कोण नंदाबाई?

मी : आज जिथं आपली उपासना आहे ना, त्या मंडळीतल्या. त्यांच्या सुनेला पण गाठ आहे. डॉक्टर म्हणालेत, ऑपरेशन लवकर करा. सून म्हणते, आधी त्या बाज उचलणाऱ्या बाईंचा हात माझ्या डोक्यावर पडू दे, मग ऑपरेशनचं बघू. नंदाबाईंनी विचारलं, ताई येणार आहेत ना नक्की? मी म्हटलं, पप्पांना विचारून सांगते.

आई : तुम्ही काय सांगितलंत?

पप्पा : काय सांगणार फोनवर?

आई : काय सांगितलंत?

पप्पा : बाहेरगावी हाय म्हणलो. पुढच्या खेपेला आणतो म्हणलो.

आई : पुढच्या खेपेला.

पप्पा : त्या पोरीचा धीर सुटला असता, करुणा. आजारी माणसाला असं तोंडावर सांगायचं का, की जिला बघून तू आशा धरलीस ती मातीत गेली?

मी : म्हणजे ती आता पुढच्या खेपेपर्यंत थांबणार.

पप्पा : थांबणार न्हाई. डॉक्टर हायेत, नवरा हाय, त्यांना अक्कल हाय.

आई : रिबकाला पण होती.

पप्पा : आता मधीच रिबकाचं काय?

आई : गाडी थांबवा.

पप्पा : कामशेतात आलं की चहाला थांबू.

आई : आत्ता थांबवा.

(व्हॅन रस्त्याच्या कडेला थांबते. मागे तबल्याची पिशवी घरंगळते, तिला कुणी हात लावत नाही.)

पप्पा : बोल. थांबलो.

आई : रिबका माझ्या ओट्यापाशी भाकरी थापत होती. एका हातानं पोट दाबून, एका हातानं थापत होती. मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, पित्त झालंय. दुसऱ्या दिवशी पण पित्त. मी तिला ओवा दिला. ओवा.

पप्पा : तुला तरी काय माहीत?

आई : मग दवाखान्यात डॉक्टर ओरडले तिच्यावर, परत दुखायला लागलं तेव्हाच का नाही आलात म्हणून. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. डॉक्टर गेल्यावर मी पण तेच विचारलं. ती म्हणाली, ताई, सुहास भावजींनी साक्ष दिली होती ना, सगळीकडे तो व्हिडिओ गेला. मग परत दुखतंय असं कुठल्या तोंडानं सांगू?

पप्पा : हे कधी बोलली तू मला?

आई : नाही बोलले.

पप्पा : इतके दिवस?

आई : तुम्ही तिला सख्ख्या बहिणीसारखं केलंत. रात्ररात्र बसलात. ते तुम्हाला कसं सांगायचं? आणि खरं म्हणजे सांगावंसं वाटलं नाही. चिडावंसं पण वाटलं नाही. ती गेल्यापासून मी आतून दगडासारखी झालेय. जेवते, शाळेत नेऊन सोडते हिला, स्टेजवर उभी राहते. तोंड हलवते.

मी : आई, मग ट्रॅक पप्पांनी नाही लावायला सांगितला?

पप्पा : हिनंच सांगितला. मला वाटलं, गाताना रडू येत असंल.

आई : रडू नाही येत. त्या रेकॉर्डिंगमध्ये रिबका आहे. दुसऱ्या कडव्यात तिची एकटीची ओळ आहे, ‘काल मला ज्यांनी वाहिलं’. तिच्या आधी ती श्वास घेते. तेव्हा पण पप्पा म्हणाले होते, तो श्वास कापून टाकू, फार मोठा आलाय. मी नको म्हटलं.

मी : म्हणून तू मला सारखी खूण करतेस, तुझ्या पायाजवळचा स्पीकर मोठा कर म्हणून.

आई : हो. तो श्वास ऐकायला जाते मी. बाकी उपासना मला ऐकूच येत नाही.

मी : मला वाटायचं, तुला तुझाच आवाज ऐकायचा असतो. मी हर्षदाला म्हटलं पण, आमची आई जरा हिरॉइन आहे.

आई : असू दे.

पप्पा : डॉक्टर बोलले होते, गाठ बारीक झालीय. बारीक झाली, एवढंच. बरी झाली हे मी केलं. प्रभू पण बोलला नव्हता, मीच बोललो. माइक हातात होता, लोक रडत होते समोर.

आई : मी पण तिथंच होते. मी पण आमेन म्हटलं.

मी : पप्पा, रुमाल घ्या. तो नको, त्यानं गिटार पुसलीय.

पप्पा : उपासनेला उशीर होतोय. पाळकांना कळवतो, गाडी बिघडली म्हणून.

मी : गाडी नाही बिघडलेली.

पप्पा : मग काय सांगू? कसा उभा राहू मी आज तितं? आन साक्ष मोडली तर उद्या कोण बोलवंल आपल्याला? आपल्यामागं कुठली मोठी मंडळी न्हाई, कुठला बिशप न्हाई. पवनाकाठ म्हंजे आपण तिघं आन ही व्हॅन.

आई : नाही बोलावलं तर घरी बसू.

पप्पा : तुला चालंल?

आई : माहीत नाही. काही चालतंय की नाही, तेच कळत नाही मला. पण त्या मुलीला थांबवू नका.

पप्पा : मला न्हाई जमायचं गं तिच्यापुढं. तोंडातून शब्दच न्हाई निघायचा.

मी : मग माझं ऐकता का? मगापासून मी ठरवत होते, आता ठरलंय. आधी सांगते, मग ओरडा.

पप्पा : बोल.

मी : आज आपण जायचं. पोचल्यावर सगळ्यात आधी नंदाबाईंच्या सुनेला मी बाजूला घेणार आणि खरं सांगणार. मावशी गेली. ती बाहेरगावी नाहीये. आणि तिला परत दुखत होतं ते तिनं आमच्या गाण्यापायी लपवलं, तुम्ही लपवू नका, उद्याच दवाखान्यात जा.

आई : ती तुझ्यावर चिडेल.

मी : चिडू दे. शाळेत निम्मा वर्ग माझ्यावर चिडतो, सवय आहे मला. आई, तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा. बोलू नको काही.

आई : राहते.

पप्पा : आन साक्ष?

मी : तुम्ही अर्धी द्यायचात ना, आज उरलेली मी देणार. तुम्ही गिटार धरून उभे राहा, तेवढंच.

पप्पा : गाणं मग कसं म्हणायचं? त्याच्यानंतर?

मी : म्हणायचं. पण ट्रॅक मी लावणार नाही. मावशीचा आवाज आईच्या मोबाइलवर टाकते, श्वासासकट, घरी हवा तेव्हा ऐक, आई. स्टेजवर तुझा माइक मी उघडा ठेवणार. गावंसं वाटलं तर गा. नाही वाटलं तर नुसती उभी राहा, लोकांना तेच ऐकू दे.

आई : आणि दुसऱ्या कडव्यात?

मी : मावशीची ओळ कुणी गायची नाही. पप्पा, तेवढ्यापुरता तुम्ही पण हात थांबवा. ती जागा मी रिकामी सोडणार आहे.