उघडं आलेलं पत्र

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या पोस्टमास्तर राजश्रीताई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती पोस्टमन अनिलराव घवाळी, आणि भर उन्हात मिरजोळ्यापर्यंत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. ज्याने सत्कारमूर्तींविरुद्ध लेखी तक्रार केली, त्यालाच माइक द्यावा, यात कुणाचा काही डाव तर नाही ना? राजश्रीताई हसतायत, म्हणजे असणार. मी नझीर मुकादम. मासळीवाली 'ताजी' म्हणाली की मी आधी कल्ले उघडून बघतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

माझा फुजैल मालवाहू जहाजावर खलाशी. गेल्या वर्षी परक्यांच्या लढाईत त्याचं जहाज पकडलं गेलं. एजंटाने फोन उचलायचं बंद केलं. पाच महिने पोरगा जिवंत आहे की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग एक दिवस अनिलराव रेड क्रॉसचं पत्र घेऊन आले. 'मी बरा आहे. काळजी करू नका.' बस्स, एवढंच. अक्षर त्याच्यासारखं, पण तसं अक्षर कुणीही काढील. आणि पत्र उघडं! म्हटलं, यांनीच फोडलं. दुसऱ्याच दिवशी तक्रार ठोकली.

राजश्रीताईंनी मला बसवून समजावलं. युद्धात पकडलेल्यांना माणसासारखं वागवायचं, घरी पत्र लिहू द्यायचं, असे देशादेशांचे करार आहेत. पत्र उघडंच निघतं, वाटेत तपासलं जातं, मजकूर फक्त घरगुती. मी विचारलं, या करारांवर सह्या कुणी केल्या? म्हणाल्या, जवळजवळ सगळ्याच देशांनी. मग लढतं कोण? यावर ताईंनी चहा मागवला.

तरी पत्र खरं कशावरून? उत्तरात मी एक प्रश्न घातला. आपल्याकडे परसातल्या एकेका रायवळ आंब्याला नाव असतं, आणि ते घरच्यांनाच माहीत असतं. विहिरीजवळच्या आंब्याचं नाव विचारलं. माझं अक्षर वाकडंतिकडं, वाटेत तपासणाऱ्यांना लागलं नसतं; मग लिहून कुणी दिलं? ज्यांच्यावर तक्रार होती, त्या अनिलरावांनी, माझ्याच ओटीवर बसून. मी वाकून एकेक शब्द तपासत होतो, तेही त्यांनी चालवून घेतलं.

तीन महिने काही नाही. आज सकाळी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, अनिलराव उत्तर घेऊन आले. वाचून दाखवतो. 'अब्बा, हे अक्षर तुमचं नाही. आंब्याचं नाव कुणाला हवंय? आधी सांगा, त्याच आंब्यावरून पडलो तेव्हा माझा कुठला हात मोडला?'

माझी बायको रहिमा रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "नाव नाय सांगितलान. पण बापावर संशय घेतलान ना, मग तुमचाच पोर हाय तो."

बंधुभगिनींनो, त्या करारांवर माझा अजूनही भरवसा नाही. तिथे त्याला पोटभर देतात का, आजारी पडला तर औषध देतात का, मला माहीत नाही. पण माझा पोरगा जिवंत आहे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. आणि अनिलराव, त्या तक्रारीबद्दल मी तुमची इथे, सगळ्यांसमोर माफी मागतो. हे माझं उत्तर. वाकडंतिकडं आहे, पण माझ्या हातचं आहे: 'डावा.' संध्याकाळपर्यंत तुम्ही नोकरीत आहात, तेव्हा तुमच्याच हातून जाऊ दे. पत्र उघडंच आहे. वाचून बघा.