शिट्टी लातूरची

न्हाई, तुम्हीच सांगा, उदगीर कुठल्या जिल्ह्यात येतं? लातूरच्याच ना? मग नांदेड-लातूरच्या मॅचला उदगीरचा रेफ्री कसा काय चालतो, आणि वर त्याला 'त्रयस्थ पंच' म्हणून हार कसा काय घालतेत? आता हे माझं म्हणणं न्हाई बरं का, हे आमच्या लालमहंमदचं म्हणणं. मला काय, मी नांदेडच्या कॉलेजातला क्लार्क, मला बास्केटबॉल म्हणजे बूड नसलेल्या टोपलीत चेंडू टाकायचा आणि तो खाली पडला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच कळतं. पण लालमहंमदचं टेलरिंगचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर, आणि माझा दुपारचा चहा त्याच्या ओट्यावर, म्हून तुम्हाला सांगतो, चार वर्षं मी दुसरं काही ऐकलंच न्हाई. मी म्हणायचो, 'लालभाई, यंदा ऊन लई पडून राहिलं.' तो तोंडातली टाचणी काढून म्हणायचा, 'ऊन सगळ्यांला सारखं पडतं, साहेबराव. शिट्टी कुणाची? लातूरची.'

आता टेलरचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध, असं तुमच्या मनात येणारच. तर झालं असं, आमच्या ज्युनिअर कॉलेजात पोरींची टीम काढायचं ठरलं. मैदान होतं, बोर्ड होता, पोरी पण तयार होत्या, पण हाफपँट म्हटलं की पोरी मागं सरायच्या आणि पोरींच्या आया पुढं यायच्या. शेवटी खेळाच्या मॅडम कापडाचा तागा घेऊन लालमहंमदच्या दुकानात आल्या. 'चाचा, असं काही शिवून द्या की पोरगी पळंल, पण तिचा बाप पळत येणार न्हाई.' लालमहंमदनं तीन दिवस डोकं खाजवलं आणि अशी पँट काढली, वर ढगळ, घोट्याला इलास्टिक, आणि गुडघ्याच्या मागं एक उलटी चुन्नट, म्हंजे कितीबी उडी मारा, कापड ताणत न्हाई. नऊ पोरी मैदानात उतरल्या. हा पहिल्या दिवशी मैदानावर गेला ते फक्त शिलाई टिकती का बघायला. शिलाई बघायला गेलेला माणूस मॅच बघून आला, आणि तिथून पुढं त्याच्या दुकानात कुणाचाबी ब्लाउज वेळेवर मिळाला न्हाई.

आणि त्याच साली भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. लालमहंमदनं मशीन टेम्पोत टाकली आणि औशाकडच्या एका छावणीत जाऊन बसला. आठ दिवस. मदतीचे कपडे पोत्यानं येऊन पडलेले, कुणाचा सदरा गुडघ्यापोतर, कुणाच्या पोलक्यात दोघी मावतील. हा बसून एकेक मापात करून द्यायचा. लेकरांची मापं हातानं धरून घ्यायचा, कारण सांगायला मोठं माणूस बरोबर असंलच असं नव्हतं. याच्याबद्दल तो कधी बोलत न्हाई, मला टेम्पोवाल्यानं सांगितलं.

मग त्या हिवाळ्यात विभागाची फायनल लागली, लातूरला. आमच्या पोरी पुढं होत्या. शेवटच्या पाच मिनिटांत गुरुपादप्पा सरांनी, म्हंजे तेच उदगीरचे रेफ्री, ही दाट मिशी, गळ्यात लाल दोरीची शिट्टी, तर यांनी आमच्यावर सहा फाउल दिले. आमची पोरगी पडली तरी फाउल आमचाच, त्यांची पोरगी पडली तर आमचा हायच हाय. हरलो. एसटीत मी म्हणालो, 'जाऊ द्या लालभाई, त्यांच्यावर केवढं संकट येऊन गेलं. रेफ्रीचं पण मन हाय.'

तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'हमदर्दी अलग, शिट्टी अलग, साहेबराव. हमदर्दी मी मशिनीवर दिली. शिट्टीतून देणारा हा कोण?'

मी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या वर्षी परत तेच. आता भूकंपाचं कारण जरा जुनं झालतं, म्हून लालमहंमदनं नवं शोधून काढलं. गुरुपादप्पांचा पोरगा लातूरला अकरावीला लागला होता. झालं. 'आता तुम्हीच बोला, ज्याचं लेकरू लातूरच्या वर्गात बसलंय, तो लातूरच्या विरुद्ध शिट्टी फुंकंल? फुफ्फुसच चालायचं न्हाई त्याचं.' आणि तसं बघितलं तर त्यात काही खोटं पण नव्हतं. ते दिवसच तसे होते. जून लागला की नांदेडच्या स्टँडवरून लातूरच्या गाडीच्या टपावर नुसत्या पत्र्याच्या पेट्या आणि गाद्या. बिलोलीचा डॉक्टर, कंधारचा वकील, देगलूरचा आडत्या, सगळ्यांची लेकरं लातूरला. तिथं एका खोलीत सहा पोरं, आणि घरमालक भाडं सांगायच्या आधी दहावीचे मार्क विचारायचा. मग लालमहंमदचं म्हणणं असं की, ज्या गावाला सगळा मराठवाडा आपली लेकरं सांभाळायला देतो, त्या गावाच्या विरुद्ध निकाल कोण देणार? शिट्टी कुणाची? लातूरची.

विभागाच्या क्रीडा अधिकारी साहेबांकडं अर्ज तर पहिल्या हारीपासूनच सुरू झालते. बोलायचा तो, लिहायचो मी, कारण माझं अक्षर सरकारी. 'सविनय सादर करण्यात येते की, सदर पंचांची शिट्टी लातूरच्या बाजूला कललेली असून ती सरळ करून मिळावी.' दर वर्षी एक, असे चार अर्ज गेले. चौथ्यात त्यानं मला लिहायला लावलं की, पंचांनी मॅचच्या आधी लातूरचा चहा पिऊ नये. मी म्हणालो, 'लालभाई, आपल्यावर हसतील.' म्हणाला, 'हसू द्या. हसता हसता वाचतील तरी.' आता वाचत होते का न्हाई, देवाला माहीत. उत्तर तर कधी आलं न्हाई.

आणि या सगळ्यात त्याची स्वतःची पोरगी, रुखसार, दहावी झाली. चांगली ताडमाड उंच, आणि चौऱ्याऐंशी टक्के. शाळेचे सर घरी आले, पेढा खाल्ला आणि म्हणाले, 'हिला लातूरला टाका.' लालमहंमदचा चेहरा असा झाला जशी कात्री कापडावरून घसरून बोटावर आली. 'दुश्मनाच्या गावात?' तर त्याची बायको, जन्नतबी, आतून चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, 'दुश्मन तुमचा असंल. डॉक्टरकी माझ्या पोरीची हाय.' विषय संपला. पेटी गेली, गादी गेली, रुखसार गेली.

अकरावीचं वर्ष सरळ गेलं. त्या वर्षीची फायनल पण आम्ही नेहमीसारखी हरलो. मग बारावीच्या हिवाळ्यात परत फायनल आली, परत लातूर. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो. यंदा आमची कॅप्टन लुंबिनी, प्राचार्यांच्या क्वार्टरमागं राहणारी, एकदम वाघीण. लालमहंमद नांदेडच्या मंडळींच्या बरोब्बर मधोमध बसला. आमच्या पोरी आल्या, टाळ्या. मग लातूरच्या आल्या. याची नजर माणसाच्या तोंडाकडं आधी जातच न्हाई, शिलाईकडं जाते. माझा दंड धरून म्हणाला, 'साहेबराव, ती सात नंबर बघा. तिच्या पँटीला उलटी चुन्नट हाय. माझी चुन्नट. लातूरवाल्यांनी चोरली.' मी बघितलं. तो पण हळूहळू वर वर बघत गेला, गुडघा, कंबर, सात नंबर, आणि मग तोंड.

रुखसार होती.

मग त्याला आठवलं, दोन महिन्यांपूर्वी जन्नतबीनं एक निळी पँट शिवून घेतली होती, 'कंधारच्या भाचीला पाहिजे, लांबी जरा जास्त ठेवा' म्हणून. घरात सगळ्यांला माहीत होतं. तिच्या लातूरच्या सरांनी सांगितलं होतं की, टीम राज्यावर गेली तर बारावीला वाढीव मार्क मिळतेत, आणि लातुरात वाढीव मार्क म्हटलं की माणूस विहिरीत पण उडी मारतो, ही तर नुसती टोपलीत चेंडू टाकायची गोष्ट. फक्त अब्बाला सांगायची हिंमत कुणात झाली न्हाई. लातूरकडून खेळती, हे त्याला सांगायचं म्हंजे काय, तुम्हीच विचार करा.

मॅच सुरू झाली. तुम्हाला सांगतो, मी मॅच बघितलीच न्हाई, मी लालमहंमद बघितला. लुंबिनीनं बास्केट केलं, हात वर गेले, अर्ध्यात थांबले. रुखसारनं बास्केट केलं, हात जवळ आले, मग त्यानं ते मांडीखाली दाबून धरले. मागून आमचा एक जण ओरडला, 'त्या सात नंबरला पाडा गं.' लालमहंमदनं मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो मॅच संपोस्तोर शेंगा सुद्धा आवाज न करता फोडून राहिला.

शेवटची काही सेकंदं. नांदेड एकानं पुढं. रुखसारनं चेंडू घेतला, पळाली, उडी मारली, समोर लुंबिनी. दोघी धाडकन सिमेंटवर. आणि चेंडू गेला टोपलीत. आत. लातूरवाले नाचायला उठले. तेवढ्यात शिट्टी.

शिट्टी कुणाची? चार वर्षं झाली, आता सांगायची गरज तरी हाय का? आमची मंडळी तर डोक्याला हात लावून चपला शोधून राहिली होती. आणि गुरुपादप्पा सरांनी हात वर केला, मूठ वळली आणि बोट दाखवलं सात नंबरकडं. फाउल रुखसारचा. बास्केट रद्द. नांदेड जिंकलं.

सगळं नांदेड उठलं. मंडळी एकमेकांच्या गळ्यात पडली. आणि त्या गर्दीच्या मधोमध आमचा लालमहंमद बाकड्यावर चढून एकटाच ओरडत होता, 'अंधा है क्या? ये फाउल है? बेईमानी, सरासर बेईमानी.' लोकांना वाटलं, आनंदानं डोकं फिरलं. मी सदरा धरून खाली ओढला तर बटन माझ्या हातात आलं. तोवर हा मैदानात.

पहिल्यांदा तो दोघी पोरींपाशी गेला. दोघींचे गुडघे बघितले. कापड फाटलं नव्हतं. मग तरातरा गुरुपादप्पांपुढं जाऊन उभा राहिला. मी मागं. मला वाटलं, आज पोलीस येतेत.

'सर, हा फाउल कसा काय?'

गुरुपादप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. दमलेला माणूस. म्हणाले, 'लालमहंमद तुम्हीच ना? नांदेडचे? तुमचे चार अर्ज माझ्यापुढं ठेवून मला चार वेळा उभं केलं क्रीडा ऑफिसात. साहेब म्हणाले, यंदा शंका आली तर शिट्टी नांदेडला. आता टक्कर तर झाली, ते डोळ्यानं बघितलं. पण आधी कोण घुसलं, ते अर्धं डोळ्याला दिसलं, अर्धं तुमच्या अर्जांनी दाखवलं. खूश ना आता? पेढे द्या.'

लालमहंमद माझ्याकडं वळला. अर्ज लिहिणारा मीच ना. मी काय करणार, मी बोर्डाकडं बघितलं. बोर्डावर कावळा बसला होता.

संध्याकाळी रुखसार स्टँडवर सोडायला आली. हातात आईसाठी बांधलेला डबा, कोपरावर पट्टी. मग लालमहंमद म्हणाला, 'बेटा, मला माफ कर. माझ्या अर्जानं तुझं राज्य गेलं.'

रुखसार म्हणाली, 'अब्बा, फाउल माझाच होता. लुंबिनी उभीच होती. मीच आत घुसले. सरांनी बरोबर दिला.'

चार वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी सांगितलं होतं की गुरुपादप्पानं एक शिट्टी बरोबर वाजवली, आणि ते पण कोणी, तर घरच्याच पोरीनं. मला वाटलं, बरं झालं, सुटला हा माणूस. अर्ज संपले. आता ब्लाउज वेळेवर मिळणार. गाडी लागली, त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, 'इतकं खरं बोलायची काय गरज होती,' असं हळूच म्हणाला आणि चढला.

पुढं काय झालं? नांदेडच्या पोरी राज्यावर गेल्या आणि पहिल्याच मॅचला हरून आल्या. रुखसार बारावीला चांगली पास झाली, पण एम.बी.बी.एस.ला सहा मार्क कमी पडले. मग तिनं फार्मसी केली. आता उदगीरला तिचं स्वतःचं औषधाचं दुकान हाय, लई चांगलं चालतं, लुंबिनी पण आता तिथंच नांदती, तिच्या पोराच्या पायजम्याचं माप रुखसारच अब्बाला फोनवर सांगती. सुखी हाय पोरगी. पण तुम्ही लालमहंमदच्या ओट्यावर बसून बघा. परवाच मी म्हणालो, 'लालभाई, आता तरी सोडा. फाउल तिचाच होता, तिनं स्वतः कबूल केलं. आणि सहा मार्क गेले ते शिट्टीनं न्हाई, केमिस्ट्रीत गेले.'

त्यानं मशीन थांबवली. टाचणी तोंडातून काढली. माझ्याकडं असं बघितलं, जसं एवढी वर्षं मी त्याचा चहा फुकटच पिलो.

म्हणाला, 'ते मान्य. पण केमिस्ट्रीचा पेपर तपासणारा कुठला होता, हे आजपर्यंत कुणी विचारलं का?'

मी खिशातून पेन काढला. दुसरं काय करणार?