बाटलीचं झाकण

(रायपूर, चौबे कॉलोनी. सकाळची पूजा आटोपली आहे. दिवाकरच्या एका हातात भिंग, दुसऱ्या हातात कॅप्सूलची बाटली.)

दिवाकर : वाच म्हणतो न मी. इथं खाली, मुंगीएवढं लिहिलं आहे ते.

लता : माझा चष्मा आत आहे.

दिवाकर : चष्मा तुझ्या डोक्यावर आहे, लता.

लता : ...मासोळीचं तेल आहे. झालं समाधान?

दिवाकर : दोन वर्षं! पूजा करून, तीर्थ घेऊन, त्याच हातावर हे घेऊन राहिलो मी. अनिमेषले माहीत होतं?

लता : त्यानंच तं पाठवलं नॉर्वेहून. म्हणे, तिकडं आज्या हिवाळाभर लेकरांले चमचा चमचा पाजतात. म्हणे, बाबाले नको सांगू.

दिवाकर : अन् तू? मी विचारलं होतं तुले, काय आहे ह्याच्यात.

लता : मी तेल म्हटलं. खोटं नाही बोलली.

दिवाकर : वा.

लता : अहो, डॉक्टरले विचारूनच दिलं. बाकीच्या गोळ्यांसोबत हेही राहू द्या म्हणाले ते. ह्या एकानंच बरं वाटते असं नाही. पण दवाखान्यात तुमच्या छातीले त्या वायरी लावल्या होत्या न, तवा मले सोवळं-ओवळं काहीच आठवत नव्हतं. तुम्ही घरी पाहिजे होते, बस. मले रागवा, बोलू नका दोन दिवस. पण हे बंद नका करू.

दिवाकर : बंद करतो असं कोण म्हणून राहिलं?

लता : तोंड तं तसंच दिसून राहिलं.

दिवाकर : तुले कधी समजलं? अनिमेषनं सांगितल्यावर?

लता : त्याच्या आधीच. पार्सल फोडलं, झाकण उघडलं, अन् माहेरची पवनी आली समोर. नदी, आमची ओसरी, जवस वाटत बसलेली माय. विजयाताईच्या बाळंतपणात मायनं सव्वा महिना तिले मासोळीचा रस्सा दिला होता. अंगावर दूध येते म्हणे, कमरेले ताकद येते. तिले कोण्या डॉक्टरनं नव्हतं सांगितलं.

दिवाकर : म्हणून तू मले बाटलीले हात लावू देत नाही? रोज सकाळी म्हणते, थांबा, मी काढून देतो.

लता : ...हव.

दिवाकर : वासासाठी?

लता : एका मिनिटाची तं गोष्ट आहे. कोणाचं काय जाते.

दिवाकर : अडतीस वर्षं झाली न तुले मासोळी खाऊन?

लता : लग्नाच्या आदल्या दिवशी खाल्ली होती. मग आईंनी म्हटलं, ह्या घरात नाही, अन् मीही हव म्हटलं. त्याचं दुःख नाही करत बसली मी.

दिवाकर : तू माहेराहून आली का आई दारातच तुझे हात हुंगायची.

लता : तुम्हाले आठवते?

दिवाकर : मी तिथंच उभा राहायचो. पेपर घेऊन.

लता : जाऊ द्या. गेल्या त्या. शेवटी शेवटी माझ्याच हातानं जेवल्या.

दिवाकर : जाऊ कसं देऊ? तू हात पुढं करायची अन् मी पेपर वाचायचो. ...चल, साडी बदल. गोल बाजारात जाऊ.

लता : आता? कायले?

दिवाकर : रांधायले एक गंज घेऊ. नवा, वेगळा. येताना रोहू घेऊ. मले त्यातलं काही समजत नाही, ताजी कोणती ते तूच पाहाय.

लता : ह्या घरात रांधू? अन् तुम्ही?

दिवाकर : मी वरण-भातच खाईन. अन् माझी ही गोळी. तुझं जेवण होईस्तोवर समोर बसतो.

लता : नको हो. बैठकीत आईंचा फोटो आहे. त्यांच्या समोरून तो गंज कसा नेऊ मी?

दिवाकर : गंज मी धरतो. मले आई कधीच काही बोलली नाही.