जगात कुठंही घर आहे का

सन एकोणीसशे शहाण्णव, मी बेचाळीस वर्षांचा, तवा सांगलीजवळच्या आमच्या गावात माझं घर उभं राहिलं. त्याआधी आम्ही कायम दुसऱ्याच्या जागेत. बाप एकाच्या गोठ्याला टेकून छप्पर टाकायचा आणि मालकाच्या मनात आलं की तो म्हणायचा उठा, की आम्ही उठायचो, भांडी पोत्यात, कोंबड्या काखेत. शाळा दुसरीपातूर. पुढं हळदीच्या पेठेत पोती उचलली, त्या पाठीवर चार खोल्या बांधल्या. आणि सुनील, माझं पोरगं, अठराचं झालं तसं ग्रामपंचायतीत जाऊन घर त्याच्या नावावर केलं. लोक म्हणले, येड्या, उद्या पोरगंच तुला भाईर काढंल. म्हणलं काढू दे, पण त्याला जन्मात कुणी ऊठ म्हणणार न्हाई.

काय सांगू तुम्हाला, त्याला ऊठ म्हणलं ते इथं, आयर्लंडात.

सुनीलचं ऑफिस राजधानीत, ग्रँड कॅनाल डॉकला, राहायला शहराच्या कडंला ॲडम्सटाउनात, भाड्यानं. मी उन्हाळ्याचा येतो. येताना गावच्या घराचा फोटो फ्रेम करून आणलेला, मागं खिळासुद्धा बांधून, पण भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा न्हाई असा करार, म्हणून तो प्रेसमध्ये पडून, इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आणि यंदा मालकानं कळवलं, घर विकायचंय, दुसरं बघा. सरकारनं भाड्याचे नियम कडक केले म्हणून मालक विकून मोकळे व्हायला बघतात, असं लोक म्हणतात. खरंखोटं त्यांना ठावं. भाड्यानं दुसरं मिळंना, तवा सुनील स्टेशनापलीकडं नवं घर घ्यायला निघाला. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला इथलं सरकार मदत देतं, पण घर कोरं पाहिजे. मी म्हणलं, अरे सरकार देतंय म्हणल्यावर बिल्डर तेवढंच वर चढवत असंल की. सुनील हसला, म्हणला, अण्णा, इथं पेपरात पण हेच भांडण चाललंय.

सगळं जमलं, आणि घर विकणारी बाई म्हणली, तुम्हा नवराबायकोपैकी कुणाच्या नावावर आधी कधी घर होतं का, जगात कुठंही? सुनील म्हणला, फोन करून सांगतो. घरी आल्यावर मला कळलं, माझंच घर आडवं आलंय. परत माझ्या नावावर करून घेतो म्हणलं, तर तेही चालत न्हाई. एकदा होतं म्हणजे होतं.

सूनबाई रूपालीच्या ओळखीचा एक नागपूरकडचा, तो फोनवर म्हणतो कसा, लिहून टाका ना नाही म्हणून, तुमच्या खेड्यात कोण बघायला जातंय! आणि सुनीलसुद्धा म्हणला, अण्णा, पत्र्याच्या चार खोल्या त्या, नाहीत म्हणलं तर काय बिघडलं?

मी ताटावरनं उठलो. म्हणलं, न्हाईत? तुझ्या आईनं ज्या घरात डोळे मिटले ते घर न्हाई? माझी पाठ पण न्हाई लिही मग. तू असं लिहिलंस तर मी मिळंल त्या विमानानं जातो आणि त्या नसलेल्या घरात राहतो, बापाला भेटायला कुठं येशील ते बघ. रूपाली म्हणली, अण्णा, इराच्या शाळेचं काय मग? बरोबर विचारलं पोरीनं. माझी नात हितं वाढलेली, मैतरणी हितल्या. पण म्हणून मी वाकलो न्हाई.

सुनीलनं हात धुतला. मग फोन उचलला आणि त्या बाईला सांगितलं, आहे, माझ्या नावावर घर आहे. मदत गेली, तिच्याबिगर नवं घर झेपंना. आता सरकारची मदत न घेता पार उत्तरेला डंडॉककडं जुनं बघतोय, तिथनं रोज इतक्या लांब कामाला यायचं, मिळंल तवा मिळंल. चूक झाली असं मी म्हणावं हे रूपालीच्या तोंडावर दिसतं. मी म्हणणार न्हाई. देवानं पोराला हितंही एक उंबरा द्यावा, पण पहिला पुसून न्हाई.

बाईला फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची गिऱ्हाइकं घर बघायला येणार होती. मी अंघोळ केली, प्रेसमधनं फोटो काढला, रूपालीच्या खलातला बत्ता घेतला आणि बैठकीच्या भिंतीत मधोमध खिळा ठोकला. भिंत कसली, पुठ्ठाच, दोन दणक्यांत आत. इरा जिन्यावरनं ओरडली, आजोबा, यू कान्ट डू दॅट! म्हणलं, केलं बघ. सुनील धावत आला. खिळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फोटो जरा कलला होता, तेवढा त्यानं सरळ केला.